‘सरासरीत काही फरक नाही’ म्हणजे कोणालाच फरक पडला नाही का?

विचारणा अशी आहे: एका संस्थेनं आठ महिन्यांत दोन विभाग एकत्र केले, नवी संगणकप्रणाली आणली, पाळ्यांच्या वेळा बदलल्या आणि कार्यालयातल्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस घरून कामाची मुभा दिली. आधी एकदा आणि नंतर एकदा कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. पाचपैकी आधी ३.७ गुण, नंतर ३.६. व्यवस्थापन म्हणतंय, लोकांनी बदल पचवला. विचारणाऱ्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला ते पटत नाहीये, कारण रोजचं वातावरण वेगळंच सांगतंय. बदलाचा परिणाम सगळ्या गटांवर सारखा होतो का, आणि होत नसेल तर तो पकडायचा कसा?

तुमची शंका रास्त आहे. मी बावीस वर्षं कामगारांच्या आरोग्याचं काम करते आहे. कारखाने, रुग्णालयं, गोदामं, कॉल सेंटर, सगळीकडे फिरले. पण एकच बदल सगळ्यांना सारखा लागला असं एकदाही पाहिलं नाही. ३.६ हा आकडा सगळेच किंचित नाराज झाले तरी येतो, आणि निम्म्यांचं बरं होऊन निम्म्यांचं वाटोळं झालं तरी येतो. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे तो आकडा फोडा. पण कुठे फोडायचा हे आधी ठरवावं लागतं. स्त्री-पुरुष, वयोगट, विभाग अशा ठरलेल्या रकान्यांत फोडून बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

मी फोडते ती एका प्रश्नावर: या बदलात कोणाच्या हातातून काय गेलं आणि कोणाच्या हातात काय आलं? कामाचा वेग ठरवणं, कधी थांबायचं ते ठरवणं, अडलं तर कोणाला विचारायचं, कोणाशी पाळी बदलून घ्यायची, आपल्याला येतं आणि दुसऱ्याला येत नाही असं एखादं कसब. प्रत्येकाच्या हातात अशा काही गोष्टी असतात, आणि बदल म्हणजे त्यांची फेरवाटणी. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही माझ्या कामाचा पाया आहे. नुसता बोजा माणसाला मोडत नाही. बोजा जास्त आणि स्वतः ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी मोडते. दोन माणसांवर सारखाच बोजा आला आणि एकाची मुभा शाबूत राहिली, तर वर्षभरानं त्यांच्या तब्येती सारख्या नसतात.

एका गोदामातलं उदाहरण सांगते. तिथे एक ज्येष्ठ स्टोअरकीपर होते, सगळे त्यांना काका म्हणत. सव्वीस वर्षांची नोकरी. कुठला माल कुठल्या रॅकवर, कुठला खोका ओलीपासून जपायचा, कुठल्या पुरवठादाराचा माल मोजूनच घ्यायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि खिशातल्या एका दुमडलेल्या वहीत. मग हातात धरायचे स्कॅनर आले. पडद्यावर रॅकचा क्रमांक उमटतो, तिथे जायचं, बारकोड दाखवायचा, पुढचा क्रमांक. काकांची पायपीट कमी झाली, वजन उचलणं कमी झालं. पाहणीत ‘कामाचा शारीरिक ताण’ या प्रश्नाला त्यांनी आधीपेक्षा चांगले गुण दिले होते, आणि ते खरंच होतं. पण सहा महिन्यांत त्यांच्या आजारपणाच्या रजा दुप्पट झाल्या. मी भेटले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मॅडम, आधी पोरं मला विचारायची. आता हे यंत्र मला सांगतं.” वही अजून खिशातच होती.

त्याच गोदामात तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या दृष्टीनं स्कॅनर म्हणजे सुटका. आधी प्रत्येक गोष्टीसाठी काकांचा मूड बघावा लागायचा. एखाद्या दिवशी ते बोललेच नाहीत तर तासभर शोधत फिरायचं आणि वर बोलणी खायची. आता कोणाच्या मेहेरबानीवर राहायला नको. तो खोटं बोलत नव्हता आणि काकाही नव्हते. दोघांच्या गुणांची सरासरी काढली की मात्र स्कॅनरनं काहीच बदललं नाही, असा निष्कर्ष निघतो!

ही गोष्ट नवी नाही. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी इंग्लंडमधल्या कोळसा खाणींचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. यंत्रं येण्याआधी दोन-चार जणांची टोळी खाणीचा आपला तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः सांभाळायची. वेग त्यांचा, साथीदारही त्यांनीच निवडलेले. यंत्रं आल्यावर चाळीस-पन्नास माणसं तीन पाळ्यांत विभागली गेली, प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा एकच तुकडा आला, आणि आधीच्या पाळीनं अर्धवट सोडलेलं निस्तरणं पुढच्या पाळीच्या नशिबी आलं. गैरहजेरी वाढली, एकमेकांवर ढकलाढकली वाढली. यंत्राचा जितका त्रास झाला त्याहून जास्त टोळी मोडल्याचा झाला. तुमच्याकडे दोन विभाग एकत्र करताना अशा किती छोट्या टोळ्या मोडल्या, हे कुठल्या आराखड्यात असणार नाही. ते माहीत असतं फक्त सुपरवायझरला आणि त्या टोळीतल्या माणसांना.

आता कायम आणि कंत्राटी. या बाबतीत बहुतेक अहवाल सपशेल फसतात, म्हणून जरा थांबते.

फिनलंडमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत नगरपालिकांनी मोठी नोकरकपात केली. तिथल्या संशोधकांनी दहा शहरांतले २२,४३० कर्मचारी पुढे साडेसात वर्षं अभ्यासले आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लक्षात घ्या, यात नोकरी गेलेले नव्हते. ज्यांची नोकरी टिकली तेच होते. जिथे मनुष्यबळ १८ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं, तिथे उरलेल्यांत हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेले मृत्यू कपात न झालेल्या ठिकाणांच्या दुप्पट होते. म्हणजे ‘वाचलेले’ वाचलेच असं नाही. आजारपणाच्या रजाही वाढल्या, पण फक्त कायम कर्मचाऱ्यांच्या. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या रजा वाढल्याच नाहीत.

असा तक्ता समोर आला की बैठकीत कोणीतरी म्हणतंच, “बघा, कंत्राटी लोकांना काही त्रास नाही.” माझ्या अनुभवात अर्थ बहुतेकदा उलटा असतो. रजा ही सोय आहे, आणि ती त्याला परवडते ज्याला परत आल्यावर आपली जागा शाबूत असेल याची खात्री आहे. ज्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय तो ताप अंगावर काढतो. एका ठिकाणी सफाईच्या कामावरच्या बाई हाताला पट्टी बांधून रोज यायच्या. हजेरीपत्रक पाहिलं तर वर्षात एकही खाडा नाही. शेवटी एक दिवस त्या आल्याच नाहीत. ठेकेदारानं दुसरी पाठवली आणि नोंदीत फक्त नाव बदललं. म्हणून कंत्राटी लोकांची तब्येत रजेच्या आकड्यांत शोधू नका. किरकोळ अपघातांची वही, प्रथमोपचार पेटीतून किती सामान संपलं ते आणि एकाच जागेवर वर्षात किती माणसं बदलली, हे पाहा. आणि मुळात तुमच्या पाहणीचा फॉर्म त्यांच्यापर्यंत गेला होता का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी तो कंपनीच्या ईमेलवर जातो, आणि कंत्राटी माणसाला ईमेल नसतोच.

पाळ्यांबद्दल. वेळ अर्ध्या तासानं पुढे गेली, असं परिपत्रकात लिहिलेलं असतं. बहुतेकांना खरोखर काही वाटत नाही. पण ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे, त्याचा दिवस मिनिटामिनिटानं जुळवलेला असतो आणि अर्धा तास सरकला की पूर्ण साखळी तुटते. ही माणसं बहुतेकदा स्त्रिया असतात, पण सगळ्या स्त्रिया यात नसतात आणि काही पुरुषही असतात. म्हणून मी ‘स्त्री/पुरुष’ हा रकाना वापरत नाही, ‘घरी कोणाची काळजी घ्यावी लागते का’ असं विचारते.

त्याहून मोठा घाव बहुधा वेगळ्याच ठिकाणी बसतो: पाळी अदलाबदलीत. जुन्या पद्धतीत सुपरवायझरच्या टेबलावर एक वही असायची. दोघांनी आपसात ठरवायचं, सही करायची, झालं. नवी रोस्टर प्रणाली आली की अदलाबदलीचा अर्ज टाका, तीन दिवस आधी टाका, मंजुरीची वाट बघा. कागदोपत्री सोय आहेच, उलट ‘पारदर्शक’ झाली. पण मुलाला ताप आला तर तो तीन दिवस आधी कळवून येत नाही. त्या वहीची किंमत किती होती, हे ती बंद झाल्यावर कळलं. तुमच्याकडे अशी वही होती का, आणि ती कधी बंद झाली, हे जरूर बघा. फिरत्या पाळ्या असतील तर दिशाही पाहा: सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाशी शरीर त्यातल्या त्यात जुळवून घेतं. उलटा क्रम जड जातो, आणि पन्नाशीपुढच्यांना जास्तच.

घरून काम हा भाग तुमच्या सरासरीला वर ओढतोय, असा माझा कयास आहे. चीनमधल्या ट्रिप.कॉम या कंपनीत २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला. निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन दिवस घरून कामाची मुभा मिळालेल्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं आणि कामगिरीवर वाईट परिणाम दिसला नाही. पण ही घट मुख्यतः स्त्रिया, लांबून येणारे आणि व्यवस्थापक नसलेले कर्मचारी यांच्यात होती. व्यवस्थापकांत तसा फरक पडला नाही. म्हणजे उत्तम निघालेला बदलसुद्धा सगळ्यांना सारखा लागू पडला नाही. तुमच्याकडे ही मुभा फक्त कार्यालयातल्यांना आहे. यंत्रावर उभं राहणाऱ्याला, दारावरच्या माणसाला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला ती मिळणं शक्यच नाही. त्यात तुमची काही चूक नाही, पण ‘त्यांना मिळालं, आम्हाला नाही’ ही भावना त्या आठ महिन्यांतच तयार झाली आहे आणि ती पाळीबदलाच्या रागात मिसळली आहे. नुकतेच नोकरीला लागलेल्यांचा यात फायदाही होतो आणि तोटाही. त्यांना घरून काम आवडतं, पण शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडून जे शिकता येतं, ते त्यांचं राहून जातं. हे त्यांना स्वतःलाही वर्षभरानं जाणवतं.

आजारी किंवा अपंग कर्मचाऱ्यांबाबत एकच मुद्दा, पण तो विभाग एकत्र होताना हमखास निसटतो. बऱ्याच सवलती तोंडी असतात. ‘तू दुपारी औषध घेऊन दहा मिनिटं पड’, ‘तू पायऱ्या चढू नकोस, फाईल मी पाठवतो’ असं जुन्या साहेबांनी सांगितलेलं असतं. साहेब बदलले की सवलत जाते, आणि ती पुन्हा मागणं म्हणजे आपला आजार नव्या माणसासमोर पुन्हा उघडा करणं. बहुतेक जण मागत नाहीत.

आता ज्या गटाबद्दल कोणालाच कणव नसते तो गट: सुपरवायझर, टीम लीडर, मधल्या फळीचे व्यवस्थापक. निर्णय त्यांनी घेतलेला नसतो, पण सांगायचा त्यांनी. एका बैठकीला मी मागे बसले होते. सुपरवायझरच्या हातात छापील मजकूर होता आणि ‘यातलंच बोला, जास्त बोलू नका’ अशी ताकीद होती. एकानं विचारलं, “साहेब, आमची लाईन राहणार का?” त्यानं कागदाकडे पाहिलं, उत्तर कागदात नव्हतं. तो म्हणाला, “कळवण्यात येईल.” पंधरा वर्षं ज्यांच्या शेजारी काम केलं त्यांच्याशी तो परिपत्रकाच्या भाषेत बोलला, आणि हे त्यालाही कळत होतं. त्याचा स्वतःचा हुद्दा राहणार की नाही, हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. पाहणीत ही मंडळी चांगलेच गुण देतात, कारण ‘व्यवस्थापना’च्या बाजूचं असल्यानं तक्रार करणं त्यांना शोभत नाही, असं त्यांना वाटतं. त्यांचे फॉर्म मी कमी भरवशाचे धरते आणि त्यांच्याशी एकेकट्यानं बोलते. संध्याकाळी, कामाच्या जागेपासून लांब.

हा प्रकार टोकाला गेला तर काय होतं, ते फ्रान्स टेलिकॉम या फ्रेंच दूरसंचार कंपनीच्या खटल्यात दिसलं. २००६ ते २००८ या काळात २२,००० लोक कमी करायचे आणि १०,००० जणांच्या बदल्या करायच्या, असं त्या कंपनीचं उद्दिष्ट होतं. खटल्यात ३९ जणांची प्रकरणं होती, त्यांतल्या १९ जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं कंपनीला आणि तिच्या माजी वरिष्ठांना छळासाठी दोषी ठरवलं. एखाद्या साहेबानं एखाद्या माणसाला छळणं एवढ्यापुरता तो निकाल नव्हता. माणसं कमी करण्याचं धोरणच छळाच्या स्वरूपाचं होतं, असं त्यात म्हटलं गेलं. तुमची परिस्थिती तशी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण ‘बदल हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे, तब्येत ज्याची त्यानं सांभाळावी’ हे वाक्य तुमच्या बैठकीत आलं, तर हा निकाल लक्षात असू द्या.

तुमच्या आकड्यांबद्दल माझी सगळ्यात मोठी शंका मात्र ३.६ वर नाही, ३.७ वर आहे. ‘आधीची’ पाहणी नेमकी कधी झाली? विभाग एकत्र होणार ही कुजबुज तेव्हा सुरू झाली होती का? ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल-दोन नावाचा मोठा अभ्यास १९८५ पासून सुरू आहे. त्यात सुरुवातीला १०,३०८ जण होते. त्यांतला एक विभाग खासगी व्हायचा होता. १९९५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की प्रत्यक्ष काहीही घडण्याआधीच, नुसत्या चाहुलीनं, त्या विभागातल्या लोकांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल जे सांगितलं ते इतरांपेक्षा बिघडत गेलं होतं. वाट पाहण्याचा काळ कधीकधी घटनेहून वाईट असतो. तुमची पहिली पाहणी त्या काळात झाली असेल, तर ३.७ हा निरोगी आकडा नाहीच. तो घसरलेला आकडा आहे आणि तुम्ही त्याच्याशी तुलना करून फरक नाही म्हणताय. दोन वर्षांपूर्वीची एखादी पाहणी, नाहीतर तेव्हाचं रजेचं आणि राजीनाम्यांचं रजिस्टर काढा.

व्यवस्थापन यावर म्हणेल, आम्ही लोकांना सहभागी करून घेतलं होतं, समित्या नेमल्या होत्या. सहभागाचा उपयोग होतो, यात वाद नाही. कामाची फेररचना आणि कर्मचाऱ्यांच्या हातातलं नियंत्रण याविषयीच्या १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नियंत्रण खरोखर वाढलं तिथे चिंता आणि नैराश्य कमी झाल्याचे काही पुरावे त्यात आहेत. पण दोन अभ्यासांत सहभागाचा कार्यक्रम आणि नोकरकपात एकाच वेळी चालू होती, आणि तिथे तब्येती बिघडल्या. ज्या समितीला भिंतीचा रंग निवडता येतो पण पाळीची वेळ बदलता येत नाही, ती लोकांच्या लगेच लक्षात येते. समितीनं सुचवलेली एक तरी गोष्ट व्यवस्थापनाच्या मूळ आराखड्याच्या विरुद्ध जाऊन मान्य झाली का, एवढंच विचारा.

अहवाल लिहिताना एकच आकडा देऊ नका. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागानं २००४ मध्ये कामाच्या ताणाची सहा क्षेत्रं ठरवली: कामाचा बोजा, नियंत्रण, आधार, परस्परसंबंध, भूमिकेतली स्पष्टता आणि बदल कसा हाताळला जातो. प्रश्न या सहांत मांडले की काकांच्या बाबतीत बोजा सुधारला आणि नियंत्रण कोसळलं, हे एका ओळीत दिसतं. गट पाडताना दहापेक्षा कमी माणसांचा गट छापू नका, नाहीतर कोण काय बोललं ते ओळखू येतं आणि पुढच्या वेळी कोणी खरं लिहीत नाही. छोट्या गटांशी तोंडी बोला. रात्रपाळीच्या लोकांशी बोलायचं तर रात्री जा. त्यांना दुपारी दोनला सभागृहात बोलावून ‘मोकळेपणानं बोला’ म्हणणं ही त्यांची झोप मोडणं आहे.

आणि एक यादी मागवा, जी पाहणीत येऊच शकत नाही: गेल्या आठ महिन्यांत सोडून गेलेल्यांची. कायम, कंत्राटी, स्वेच्छेनं गेलेले, ‘स्वेच्छेनं’ गेलेले, सगळे. दुसऱ्या पाहणीत ते नव्हते, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त लागलं त्यांचे गुण ३.६ मध्ये धरलेच गेलेले नाहीत. त्यांतल्या दहा-बारा जणांना फोन करा. राजीनाम्यात लिहिलेलं कारण विचारू नका. जायचं असं मनात पहिल्यांदा कधी आलं आणि त्या दिवशी कामावर काय झालं होतं, ते विचारा.